सोनबाचे गुडघे आणि थेंबगाडी

एका जंगलात, बाळांनो, सोनबा नावाचं एक गाढव गाडी ओढायचं. त्याचे गुडघे आताशा कुरकुरायला लागले होते. जंगलात गाढवाची सारी पत गुडघ्यांवर असते. ते गेले की त्याला कोणी पाणीसुद्धा विचारत नाही. म्हणून सोनबा गुडघ्यांना फार जपायचा.

त्या वर्षी अप्पासाहेब अस्वलांच्या डोक्यात सहलीचं वेड शिरलं. घाटापलीकडच्या तळ्यावर जायचं, आणि तेही घर बरोबर घेऊन. त्यांनी सुतारपक्ष्याकडून दोन चाकांची गाडी करवून घेतली. पुढे गोल, मागे निमुळती, आडव्या पडलेल्या थेंबासारखी. पुढच्या भागात दोन अस्वलं झोपू शकत, बसू शकत. उभं राहायचं असेल त्याने बाहेर जावं. मागचं झाकण उचललं की स्वयंपाकघर.

"सामान एक मण," सुतारपक्षी म्हणाला. "त्यावर एक पेरूही नको."

सोनबाने हे त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

निघायच्या दिवशी अप्पांच्या पत्नी माईसाहेबांनी मोठी कढई आणली.

"माई, कढई कशाला?" सोनबाने विचारलं.

"असू दे रे. लागेल."

मग पाटा आला. "चटणी वाटू कशावर? तुझ्या डोक्यावर?" पाटा आला म्हणून वरवंटा आला. अप्पांना जेवणानंतर लागतो म्हणून मधाचे पाच रांजण आले. शेजारच्या नीलगाईने लोणच्याची बरणी आणून दिली. तिची बहीण तळ्यावर राहायची आणि बरणी एवढीशी तर होती. तुमच्या घरी असं होत नाही, मला ठाऊक आहे.

अप्पांना सोनबाची काळजी नव्हती असं नाही. वजन कमी करायला त्यांनी सगळ्या चमच्यांना भोकं पाडली. दात घासायची काडीही अर्धी मोडून टाकली.

घाटाच्या अर्ध्यावर सोनबाचे गुडघे लटपटले. संपलं आपलं, असं त्याला वाटलं आणि त्याने मान खाली घातली.

"अगं, आपण उतरू या," अप्पा म्हणाले. "बिचाऱ्याचं ओझं तरी कमी होईल."

दोघं उतरली. पुढची बाजू रिकामी झाली. मागे पाटा होता, रांजण होते, नीलगाईच्या बहिणीची बरणी होती. गाडी मागे कलंडली. दांड्या वर गेल्या, दांड्यांबरोबर पोटपट्टा गेला आणि पोटपट्ट्याबरोबर सोनबा.

हवेत लटकल्यावर तो आधी घाबरला. मग त्याच्या लक्षात आलं की गुडघे दुखत नाहीत. जन्मल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या पायांवर कुणाचंही वजन नव्हतं, त्याचं स्वतःचंसुद्धा. त्याला रडू आलं.

"सोनबा, खाली ये बघू," अप्पा म्हणाले.

"कसा येऊ, अप्पासाहेब? मागचं सामान काढलं तर येईन."

"आणि ठेवू कुठे?" माई म्हणाल्या. "या धुळीत?"

तेव्हा सामान काही निघालं नाही. सहल तिथेच, घाटात झाली. माईंनी झाकण उघडून आमटी केली. भोकाच्या चमच्यांतून ती गळाली, तर अप्पांनी वाटीच तोंडाला लावली. सोनबाला ते गवत हात उंच करून भरवत. गाढव अशक्त झालं तर परत कोण नेणार, अशी त्यांना धास्ती होती.

मध संपत गेला तसा सोनबा वीत वीत खाली आला. नवव्या दिवशी त्याचे खूर जमिनीला टेकले. त्याचा चेहरा पडला.

पुढच्या वर्षी सहलीच्या दिवशी तो न बोलावता सर्वांच्या आधी हजर झाला. गाडीच्या मागे जाऊन त्याने सामान नीट पाहिलं. पाटा होता. रांजण या खेपेला सात होते.

"माई," तो काळजीने म्हणाला, "जातं राहिलं का?"

तात्पर्य: आपल्यावर फार ओझं लादलं जातंय, अशी तक्रार कधी करू नये. थोडं ओझं आपल्याला ओढावं लागतं. बेसुमार झालं की तेच आपल्याला उचलून धरतं.