साबुदाण्यातला युनिफॉर्म

"उद्याचा आभाचा युनिफॉर्म मी करणार," रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवत कृष्णकांतने जाहीर केलं.

वसुंधराने पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. नवरा याच सुरात पूर्वी गॅलरीत टोमॅटो लावणार होता, पहाटे फिरायला जाणार होता आणि दही घरीच विरजणार होता. (टोमॅटोच्या कुंडीत हल्ली कपड्यांचे चिमटे असतात.)

पण या खेपेला मामला गंभीर होता. सोमवारी लेकीच्या शाळेत युनिफॉर्मची तपासणी होती. ज्याचा युनिफॉर्म सगळ्यात टापटीप, ते मूल स्पोर्ट्स डेला शाळेचा झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे चालणार. मागच्या वर्षी हा मान वर्गातल्या अनुष्काला मिळाला आणि तिच्या पाठीमागे चालताना आभाने मैदानभर नाक ओढलं. आता आभा चौथीत होती. आठवडाभर ती लाटणं छातीशी धरून घरात संचलन करत होती आणि त्यापायी पोळ्यांना उशीर होत होता.

कृष्णकांत जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात नोकरीला. आलेल्या कंटेनरला कुठे पोचा आहे, कुठे गंज आहे, हे बघून शेरा मारायचा. त्यामुळे तपासणी या विषयात आपला हात धरणारं कुणी नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. रोज सकाळी तो आभाला दारात उभी करून तिच्याभोवती फेरी मारायचा. "डावी बाजू ओके. उजवी बाजू ओके. मागे रिबन सैल. परत पाठवा!"

"इस्त्रीवाला देतोच की करून," वसुंधरा म्हणाली.

"तो स्कर्टला एका प्लेटवर दुसरी प्लेट पाडतो. माझी आई सुती साड्यांना खळ घालायची. साडी नेसून चालली की आवाज यायचा, आवाज! उद्या आभा चालताना आवाज यायला पाहिजे."

"तुला येते खळ करता?"

"त्यात काय यायचंय?"

(हे वाक्य त्याने याआधी मिक्सर दुरुस्त करताना म्हटलं होतं. मिक्सर सध्या माळ्यावर असतो.)

खळ साबुदाण्याची करतात एवढं त्याला आठवत होतं. किती साबुदाण्याची, ते आठवत नव्हतं. पण स्वयंपाकघरात गेला तर ओट्यावर पातेलंभर साबुदाणा भिजवून, झाकून तयार! कृष्णकांतला भरून आलं. बोलत नाही, पण मनातून बायकोची साथ आहे आपल्याला. त्याने सगळा साबुदाणा पाण्यात घालून शिजवला, गाळायचा कंटाळा केला आणि त्या चिकट रबरबाटात शर्ट आणि स्कर्ट मनसोक्त बुचकळले.

थोड्या वेळाने आतून हाक आली. "अरे, माझा साबुदाणा कुठे गेला? संकष्टी आहे आज, खिचडी करायचीय मला!"

"वाळतोय," कृष्णकांत म्हणाला.

"वाळतोय म्हणजे?"

"गॅलरीत. हँगरवर."

वसुंधरा गॅलरीत जाऊन आली. तिने दोन केळी खाल्ली आणि दिवसभर चंद्राची वाट बघत बसली. लग्नाला बारा वर्षं झाल्यामुळे या केळ्यांचा अर्थ कृष्णकांतला बरोब्बर कळला आणि तो निमूटपणे भांडी घासायला लागला.

दुपारी समोरच्या बिल्डिंगमधल्या शोभाताईंचा फोन आला. "कृष्णकांत, पोरीचं काय चुकलं असेल ते असेल, पण उन्हात उभी करू नका हो तिला! कधीची हात पसरून उभी आहे बिचारी. हलतसुद्धा नाहीये!"

"अहो, आभा इथे वरणभात खातेय."

"मग गॅलरीत कोण आहे?"

गॅलरीत युनिफॉर्म होता. शर्टाखाली स्कर्ट चिमट्याने लावला होता आणि सगळं वाळून असं काही ताठ झालं होतं, की आत मूल नाही यावर कुणाचा विश्वास बसू नये. वारा आला तरी एक प्लेट हलत नव्हती. कृष्णकांतने स्कर्टवर टिचकी मारली. टक्क! "बघ, आवाज!" तो आनंदाने ओरडला.

सोमवारी सकाळी त्यावर इस्त्री फिरली तेव्हा घरभर पापड भाजल्याचा वास सुटला. न गाळलेले साबुदाणे खिशापाशी चिकटून बसले होते, ते त्याने नखाने खरवडून काढले. आभाचे हात बाह्यांत जाताना कडकड वाजलं. पण प्लेट्स! पट्टीने आखाव्यात अशा प्लेट्स! आभा आरशासमोर उभी राहिली आणि तिचे डोळे चकाकले. "बाबा, मी खरंच झेंडेवाली दिसतेय!"

उशीर झाला होता. कृष्णकांत अंगावर होता त्याच अवतारात निघाला. म्हणजे गुडघ्यापर्यंतचा बर्मुडा, बगलेत उसवलेला टीशर्ट आणि पायांत घाईने सरकवलेल्या वसुंधराच्या जांभळ्या स्लिपर. गेटपर्यंतच तर जायचंय, कोण बघतंय!

स्कूटरवर आभाला बसताच येईना. स्कर्ट दुमडायला तयार नव्हता. शेवटी ती पुढे उभी राहिली, हँडल धरून, मान वर करून, आणि अशी ती वरात सेक्टरच्या रस्त्याने शाळेत पोचली. आभा पळत आत गेली. तेव्हा कृष्णकांतच्या लक्षात आलं, विसरू नये म्हणून गळ्यात अडकवलेला आभाचा बेल्ट अजून आपल्याच गळ्यात आहे.

तो धावला, तर गेटवरच्या गणूकाकांनी हात आडवा घातला. "सायेब, आत नाय जाता येनार. बोर्ड वाचा."

बोर्डावर लिहिलं होतं: बर्मुडा व गाऊन घातलेल्या पालकांना प्रवेश नाही.

"अहो काका, रोज बघता मला! बेल्टावाचून पोरीचा झेंडा जाईल!"

"वलखतो वो. पन बर्मुडा तो बर्मुडा हाय." तरी गणूकाकांना दया आली. "आना तो पट्टा, मी देतो पोरीला."

बेल्ट पोचला. कृष्णकांत गेटच्या गजांना धरून आत बघत राहिला. मैदानावर सगळी शाळा मांडी घालून बसली होती. आभा एकटी उभी.

"बस खाली," पीटीचे दीपेश सर माइकवरून म्हणाले.

"बसता येत नाहीये, सर."

सर तिच्याकडे निघाले. कृष्णकांतने गजांमध्ये नाक खुपसलं. सरांनी आभाभोवती एक फेरी मारली. डावी बाजू बघितली, उजवी बघितली. वाकून प्लेट्स बघितल्या. बोटाने टिचकी मारली. टक्क!

"याला म्हणतात युनिफॉर्म!" माइक गरजला. "झेंडा आभा घेणार!"

"येस्स!" कृष्णकांतने गेटबाहेर अशी उडी मारली, की एक जांभळी स्लिपर गेटवरून आत मैदानात पडली. सगळ्या शाळेच्या माना वळल्या.

"कोण आहेत ते?" सरांनी विचारलं आणि माइक आभापुढे धरला.

आभाने गेटकडे पाहिलं. उसवलेली बगल पाहिली, बर्मुडा पाहिला, एका पायावर उभा राहिलेला जन्मदाता पाहिला. आणि मग सगळ्या सेक्टरला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ती म्हणाली, "इस्त्रीवाले काका, सर!"

सर स्लिपर घेऊन स्वतः गेटपाशी आले. "काका, हाताला जादू आहे तुमच्या! आमच्या बँडच्या मुलांचे कपडे द्यायचे होते. घ्याल का?"

कृष्णकांतने सरांच्या खांद्यावरून आत पाहिलं. आभा दोन्ही हात जोडून त्याच्याकडे बघत होती. गणूकाका आभाळातले कावळे बघत होते.

"घेतो की, साहेब," कृष्णकांत म्हणाला. "गुरुवारी देतो."

स्कूटरवर पुढे भलंमोठं गाठोडं घेऊन तो घरी आला. वसुंधराने गाठोडं पाहिलं, सगळी हकिकत ऐकली आणि साबुदाण्याचा डबा उचलून सरळ आपल्या कपाटात कुलूपबंद केला.

संध्याकाळी आभा आली ती थेट बाबाच्या गळ्यात पडली. "सॉरी बाबा! पण सर नेहमी म्हणतात, टापटीप घरापासून सुरू होते. मग तुला मी बाबा म्हणून कसं दाखवणार?"

कृष्णकांतला राग येईना. पोरगी पुढे चालणार, अजून काय हवं? "जाऊ दे गं," तो म्हणाला. "स्पोर्ट्स डेला मी कोट घालून येतो. मग सांग सगळ्यांना, हे माझे बाबा."

"ये ना, नक्की ये," असं म्हणत आभाने दप्तरातून घडी केलेला शाळेचा झेंडा काढला आणि त्याच्या हातात ठेवला. "सरांनी हापण इस्त्रीला दिलाय. पण काका... म्हणजे बाबा, याला साबुदाणा नको हं लावूस. याला फडकायचंय."