भिंगारदिवे काकांचं थंड पातेलं

आमच्या गल्लीत कुणाकडंही जेवण असलं, की भिंगारदिवे काका आपलं स्टीलचं पातेलं घेऊन येतात, पंगतीत मांडी घालून बसतात, पातेलं पुढ्यात ठेवतात आणि झाकणावर दोन्ही हात ठेवून गप्प राहतात. घरची बाई स्वतः ताटावर येऊन बसेपर्यंत ते हात हलत नाहीत. पातेल्यात काय असतं म्हणाल, तर पास्ता. फ्रीजमधून काढलेला, दह्यात कालवलेला, गारढोण पास्ता.

तुम्ही म्हणाल, मग राहू दे की झाकण बंद, कुणाचं काय अडलंय? मलाही आधी तसंच वाटायचं. पण आमच्याकडं पंगतीतल्या वडीलधाऱ्यानं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी जेवायला लागत नाही, आणि भिंगारच्या आमच्या गल्लीत या घडीला सगळ्यांत वडीलधारे आहेत ते हेच. काका बसून राहिले की पंगत बसून राहते. पोरं पापडाचे तुकडे मोडत राहतात, पाहुणे एकमेकांकडं बघतात, आणि आत गॅसपाशी उभी असलेली बाई घामानं निथळत मनातल्या मनात काकांचा उद्धार करते. ती बाई बहुतेक वेळा मी असते.

आमच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, त्या आनंदाच्या जेवणाचं सांगते. मी मूळची जामखेडची. आमच्याकडची झणझणीत शिपी आमटी उकळती ताटात पडली तरच तिला आमटी म्हणायचं, असं मानणारी. सकाळपासून खपून ती केली होती. पंगत बसली, आमटी वाढली, मी तव्यावर भाकरी टाकली, आणि बाहेरून काकांचा आवाज आला.

“ताई, बसा.”

“तुम्ही सुरू करा काका, मी मागून बसते.”

“मागून? चालनार न्हाई. तुमी बसा, मंग आमी.”

“अहो, भाकरी कोण करणार?”

“हायेत तेवढ्या पुरं हायेत. न्हाई पुरल्या तर ह्यो पास्ता हाय.”

माझ्या आमटीवर तेलाचा तवंग थिजत चालला होता आणि हा माणूस मला पास्ता सांगत होता! शेवटी आमच्या ह्यांनीच आत येऊन हात जोडले, तेव्हा कुठं मी पदराला हात पुसत पंगतीच्या टोकाला टेकले. टेकले म्हणजे काय, एक गुडघा वर ठेवून. लगेच कुणीतरी मीठ मागितलं आणि मी उठले. काकांनी घास खाली ठेवला. मी येऊन बसेपर्यंत तो उचलला नाही. त्या दिवशी माझी आमटी सगळ्यांनी कोमट खाल्ली. त्याचा राग अजून माझ्या मनात आहे, आणि तो जाणार नाही.

काका लष्कराच्या एका डेपोत सिव्हिलियन नोकरीला होते. रिटायर झाले तरी पँटीची इस्त्री मोडलेली नाही, आणि बोलण्यातला हुकूमही. त्यांच्या तोंडात दोनच शब्द: “बसा” आणि “चालनार न्हाई”. त्यांच्या बायकोला, शांताकाकूंना, जाऊन काही वर्षं झाली. मुलगी रेखा पुण्याला असते. तेव्हापासून एकटा माणूस, हाताशी वेळ, आणि त्या वेळाचं काय करायचं ते दुर्दैवानं त्यांना सापडलेलं.

बरं, स्वतः करावं, स्वतः खावं. तसं नाही. मी शाळेच्या ऑफिसात कामाला आहे. संध्याकाळी घरी यावं तर फाटकाच्या कडीला डबा लटकवलेला. पलीकडून आवाज, “ताई, आज गॅस पेटवू नका.” अहो, माझा गॅस, माझं स्वयंपाकघर, पेटवू नका म्हणजे काय? आमचे हे डब्यात डोकावून विचारतात, “हे जेवण आहे का नाश्ता?” मग मी निमूटपणे पीठ मळायला घेते आणि डब्यातलं उभ्या उभ्या संपवते, कारण अन्न टाकवत नाही.

वर शिकवण्या. पास्ता शिजवायचा पण गाळ करायचा नाही, दाताखाली लागला पाहिजे. पाणी काढलं की चमचाभर तेल लावून परातीत पसरायचा, पंख्याखाली. काकडी, टोमॅटो, सिमला मिरची, मक्याचे दाणे, मिरपूड. दही बांधून घट्ट केलेलं, पण सगळं एकदम घालायचं नाही. “निम्मं आदल्या दिशी, निम्मं वाढताना. ही नळी रातभर दही पिती, ताई.” हे सगळं मी ऐकून घेतलं आहे, फाटकात, हातात भाजीची पिशवी घेऊन.

कोपऱ्यावरच्या ठुबे वहिनींनी एकदा तो पास्ता कढईत टाकून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली आणि गरमागरम पोरांना वाढला. मला तरी त्यात काही चूक दिसत नाही. पण वास कसा कोण जाणे काकांपर्यंत गेला. काका दारात हजर. “गरम केलंत? म्हंजी परत तुमी तिथंच हुभ्या!” वहिनी बिचाऱ्या उलथनं घेऊन बघतच राहिल्या.

आणि सगळ्यांत कहर म्हणजे कांदा. या माणसाच्या पास्त्यात कांदा नसतो. आपल्या नगर जिल्ह्यात! जिथं बाजाराच्या दिवशी कांद्याच्या गोण्यांनी भरलेल्या टेम्पोंमुळं रस्ता ओलांडता येत नाही, तिथं दह्यातलं कालवण आणि कांदा नाही! मी एकदा आपल्या हातानं बारीक चिरून वाटीत नेऊन दिला. काकांनी वाटी बघितली आणि तशीच परत केली.

“चालनार न्हाई.”

“अहो, पण का?”

“न्हाई म्हंजी न्हाई.”

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाशी काय बोलायचं!

यंदा शांताकाकूंच्या स्मृतिदिनाचं आमंत्रण द्यायला काका आले. जेवायला काय, असं मी आपलं रीत म्हणून विचारलं. म्हणाले, “पास्ता. अन् गोड म्हनून श्रीखंड.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. शांताकाकूंच्या नावानं थंड पास्ता? अहो, त्या बाईच्या भाकरीची कीर्ती साऱ्या गल्लीला ठाऊक. तव्यावरून जाळावर, जाळावरून ताटात, वाफ जिरायच्या आत. काका जेवायला बसले की भाकरी थापल्याचा आवाज आमच्या घरात ऐकू यायचा. काकांचं ताट कधी थंड पडलं नाही त्या माउलीच्या जिवावर, आणि तिच्याच स्मृतिदिनाला हा माणूस फ्रीज उघडणार! लाज कशी वाटत नाही?

मी ठरवलंच. त्या दिवशी बाजरीचं पीठ डब्यात भरलं, माझा तवा पिशवीत घातला आणि गेले. बुद्धमूर्तीपुढं आणि काकूंच्या फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या होत्या. वंदना झाली. माणसं पंगतीत बसायला लागली, तशी मी हळूच आत शिरले, तवा शेगडीवर ठेवला आणि बटण फिरवलं. गॅस येईना. वाकून बघते तर टाकीवर रेग्युलेटरच नाही.

काका दारात उभे होते. शर्टाचा खिसा फुगलेला.

“काका, रेग्युलेटर द्या.”

“चालनार न्हाई.”

“काकूंच्या नावानं चार गरम भाकरी तरी होऊ द्या! तुम्हाला नाही, पण आम्हाला आठवण आहे त्यांची. इतकी वर्षं त्यांनी तुम्हाला तव्यावरचं वाढलं, त्याची तुम्हाला काहीच किंमत नाही?”

हे मी जरा मोठ्यानंच बोलले. बाहेरची कुजबुज थांबली. काका आत आले आणि माझा तवा शेगडीवरून उचलून खाली ठेवला, अगदी आवाज न करता.

“लई गरम खाल्लं मी, ताई,” ते म्हणाले. “रोज. मी बसलो की ती तव्यापाशी. भाकरी आली का कांदा फोडून द्यायची, मुठीनं. माझं झालं का मी भाईर खाटंवर. मंग ती कवा जेवायची, काय जेवायची, मला ठावं न्हाई. एकदा उन्हाळ्यात रेखा आलती. गॅस हुता तवर सकाळीच तिनं हे पास्त्याचं करून फ्रीजात ठिवलं. दुपारी टाकी संपली. भाकरी करायची न्हाई, गरम करायचं न्हाई. मंग काय करती ही? बसली माझ्या शेजारी.”

काकांनी खिशावरून हात फिरवला.

“निम्मं जेवन झालं अन् पाहतो तर हिच्या ताटात कडंला कांद्याचा ढीग. येक येक तुकडा येचून काढलेला. म्हनलं, का गं? तर म्हनली, मला कच्चा कांदा आवडतच न्हाई, पयल्यापासनं. येवढा संसार झाला, ताई. पोरीचं लगीन झालं. अन् मला ते ठावं न्हाई. ठावं कसं आसंल? तिला जेवताना मी कवा पाह्यलंच न्हवतं.”

“मग पुढं?”

“पुढं काय. म्हनलं, आता रोज संगं बसू. तर लगीच तिचं दुखनं निघालं. नुसतं पेजेवर आली. राहूनच गेलं ते.”

राग होता, तो कुठं ठेवावा ते कळेना. काकूंचा मला राग आला, त्यांनी कधी सांगितलं कसं नाही म्हणून. मग काकांचा पुन्हा आला, इतकी वर्षं विचारलं कसं नाही म्हणून. तेवढ्यात आमचे हे, एवढा वेळ काय चाललंय बघायला, दारात येऊन उभे राहिले.

काका एकदम मला म्हणाले, “तुमाला काय आवडत न्हाई, ताई?”

हा प्रश्न मला याआधी कुणी विचारल्याचं आठवत नाही. माहेरी नाही, सासरी नाही. मी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत होते, आणि त्यांनाही उत्तर ऐकायचंच होतं, हे मला स्पष्ट दिसलं. मला मात्र थोडा विचार करावा लागला.

“सिमला मिरची,” मी म्हणाले.

“अगं, पण दर आठवड्याला करतेस की तू ती!” आमचे हे म्हणाले.

“तुम्हाला आवडते म्हणून करते.”

“अन् माझ्या पास्त्यातली?” काकांनी विचारलं.

“गिळत होते.”

काकांनी मान हलवली. मग म्हणाले, “बसा.” मी बसले, काकूंच्या फोटोसमोर, नीट मांडी घालून. पीठ डब्यातच राहिलं.

त्यानंतर पंधरवड्यानं ठुबे वहिनींच्या नातवाचं बारसं झालं. सगळं नेहमीसारखंच. काका आले, पातेलं पुढ्यात, झाकणावर हात. वहिनींनी खूप आढेवेढे घेतले, पुऱ्या तळायच्या राहिल्यात म्हणाल्या, काका ढिम्म. शेवटी कपाळाला हात लावत त्या येऊन बसल्या. मी आधीच बसले होते, माझे आढेवेढे बघायची संधी मी कुणाला दिली नाही. झाकण उघडलं आणि पास्ता वाढला गेला.

वहिनींनी चमच्यानं उलटापालटा करून बघितला.

“काय काका, कांदा तर तुम्ही कधीच घालत नाही. या खेपेला सिमला मिरचीपण गायब? बाजारात मिळाली नाही का?”

काका मान खाली घालून वाढत होते. वर न बघताच म्हणाले, “चालनार न्हाई.”

वहिनींनी माझ्याकडं बघून डोळे फिरवले. एरवी मीही फिरवले असते. पण मला ताटातलं नीट दिसेना, म्हणून मी मुकाट्यानं जेवत राहिले. पास्ता होता तसाच गारढोण. मीठही जरा कमीच पडलं होतं. पण आणायला मी उठले नाही.