सामंतकाकांची लाइन

सामंतकाका इंटरनेट बघायचे नाहीत, त्याची वेळ लावायचे. गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर वही. मोडेम किंचाळायला लागला की बटण दाबायचे, लाइन जोडली गेली की पुन्हा दाबून आकडा लिहायचे.

फुलपाड्यात ते आमच्या डोक्यावरच राहायचे, काकू गेल्यापासून एकटे. कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर सीडी फुकट मिळायच्या. त्यांतली इंटरनेट जोडून देणारी तीन सॉफ्टवेअर टाकून रोज सकाळपासून त्यांची शर्यत लावायचे. "पहिलं पटकन लागतं, पण टिकत नाही. तिसरं उशिरा लागतं, पण माणूस भरवशाचा!"

"कॉम्प्रेशन लावून बघितलंस?" म्हणजे पाठवायचं ते दाबून लहान केलंस का, हा त्यांचा ठरलेला प्रश्न. गॅलरीत कपडे मावत नाहीत म्हटलं, तरी हाच.

एकदा सोसायटीच्या सभेत उभे राहिले. "सेक्रेटरींची सहा वर्षांची इतिवृत्तं टाइप करून मी स्वतःलाच ई-मेल केली. कॉम्प्रेशन लावल्यावर झर्रकन गेली. माझा फोटो मात्र आधीइतकाच वेळ घेऊन गेला. का? इतिवृत्तात दर महिन्याला तेच ते! 'टाकीबाबत चर्चा झाली.' मग दबणार नाही तर काय?"

सेक्रेटरींनी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

पुढे आमचा फोन आठवडाभर बंद पडला. आईला दवाखान्यातून आणायला जा, एवढा निरोप बायकोला द्यायचा म्हणून मी ऑफिसमधून काकांना फोन करत राहिलो. सारखा एंगेज; इंटरनेट त्याच लाइनवर चालायचं. आई तिथेच ताटकळली. संध्याकाळी मी तडक वर गेलो.

"काका, दुपारपासून फोन करतोय तुम्हाला!"

वाटलं, ओशाळतील. उलट चेहरा उजळला. "मला? किती वेळा?"

"नऊ-दहा वेळा."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग स्टॉपवॉच गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं.

"फोन सगळे हिचेच असायचे रे. ही गेली आणि वाजायचाच थांबला. लाइन अडकवून ठेवली की कसं... लोक करत असतील, लागत नसेल, असं म्हणता येतं."

भांडायला गेलेला मी चहा पिऊन खाली आलो.

आमचा फोन सुरू झाला त्या संध्याकाळी वर जाऊन म्हटलं, "काका, जरा लाइन मोकळी करा." खाली येऊन नंबर फिरवला. पहिल्याच रिंगला उचलला.

"हॅलो! कोण बोलतंय?"

"मी. खालून."

"बोल, बोल! काही घाई नाही."

बोलण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. म्हणून विचारलं, तिन्हींत कुठलं सॉफ्टवेअर चांगलं? पाऊण तास सांगत होते. आवाज रिसिव्हरमधून येत होता आणि छतातूनही.