म्हाळसा लवटे हिनें विद्यापीठावर फिर्याद लाविली ती हकीकत

श्रीबिरोबा कृपावंत असो, आणि ज्याच्या हातीं लेखणी आहे त्यास वेळेवर सुबुद्धि होवो. शके एकोणीसशें सदतीस, मन्मथनाम संवत्सरीं, श्रावणमासीं वर्तमान जाहलें तें ऐसें कीं, विद्येचें एक थोर संस्थान होतें, त्याचें नांव लिहीत नाहीं, कारण माझें पोट त्याच संस्थानावर भरतें. तेथें गुराढोरांची वैद्यकी शिकवीत. कुलगुरु हे धनी, विभागप्रमुख हे सरदार, वसतिगृहें हे किल्ले आणि वरच्या वर्गाचे विद्यार्थी हे किल्लेदार, धाकट्यांनीं त्यांस मुजरा करून असावें ऐसा शिरस्ता. ते समयीं कोरड्या मुलखांतून म्हाळसा बिरू लवटे नामें धनगराची लेक उत्तम गुण मिळवून दाखल जाहली. बापाचीं साठ मेंढरें. वर्षाआड रोग यावा आणि दहा-बारा आडवीं व्हावीं, आणि तालुक्याहून डॉक्टर येई तों मेंढरूं थंड पडलेलें. मग मुलीनें मनीं धरिलें कीं आपणच डॉक्टर व्हावें आणि आपल्या कळपामागें वैद्य चालावा. एवढीच तिची आस होती, दुसरें कांहीं मागावयास ती आली नव्हती.

संस्थानांत एक चाल होती, तीस बारसें म्हणत. नव्या मुलांस किल्लेदारांनीं ओळीनें बसवावें, तोंडास येईल तें नांव ठेवावें, आणि वर्षभर खरें नांव कोणीं घेऊं नये, आणि वर्ष सरतां मुलानें पेढे वांटून, हात जोडून, 'माझें नांव मला द्या' ऐसें मागावें, मग तें परत मिळे. कोणी चष्मेवाला तो 'भिंग' जाहला, कोणी थोराड ती 'रांजण' जाहली, आणि पोरें हंसून सोशीत, कीं पुढील वर्षीं आपणही किल्लेदार होऊं. म्हाळसेनें येतांना आईनें कांतलेल्या लोकरीची घोंगडी आणिली होती, तीवरून विक्रांत नामें किल्लेदारांचा म्होरक्या होता त्यानें हिचें नांव 'घोंगडी' ठेविलें. तिनेंही वर्ष सोशिलें. मग दुर्मुखनाम संवत्सर लागलें, सर्वांनीं पेढे वांटिले आणि हिनें वांटिले नाहींत. जाब विचारिला तेव्हां शांतपणें बोलिली, "नाव माझं हाय. बानं ठेवलंय. तुमच्याकडं ठेवाया दिलं नव्हतं, मग मागू कशाला?"

झालें! किल्लेदारांच्या अंगाचा तिळपापड जाहला. ती उभी राहतां वर्गानें बें बें करावें, भोजनगृहांत ती बसे तें बांक रिकामें व्हावें, तिच्या कात्र्या-चिमटे ऐन वेळीं नाहींसे व्हावे, आणि एके दिवशीं शवविच्छेदनाच्या मेजावर मेलेली शेळी होती तिजवर हिची घोंगडी पांघरलेली सांपडली. त्या दिवशीं पोर प्रथम रडली. मग विभागप्रमुखांकडे गेली, तों ते हंसून म्हणाले कीं प्रेमाचें नांव आहे, मनाला काय लावून घेतेस, आम्हांसही आमच्या वेळीं ठेविलें होतें. आणि तेथून पुढें त्यांनींही तिला तेंच नांव घेऊन हांक मारावी.

आतां जें लिहितों तें लिहिणें भाग आहे. हजेरीपट लिहिणें हें काम माझें. त्या वर्षीं वर्गाची यादी विक्रांतानें करून विभागप्रमुखांच्या सहीनें खालीं धाडिली, तींत सर्वांचीं खरीं नांवें आणि सत्ताविसाव्या ओळींत 'घोंगडी'. वरून आलें तें उतरवावें, विचारूं नये, हें आम्हां कारकुनांचें ब्रह्मज्ञान, आणि म्यां तसेंच सुवाच्य अक्षरांत उतरविलें. पोर खिडकीशीं आली आणि म्हणाली, "काका, नाव तेवढं नीट करा." म्यां म्हटलें, साहेबांचा कागद आण. माझा डबा उघडा होता, भेंडीची भाजी होती, खिडकी लावून घेतली. दुसरे दिवशीं प्रमुखांनीं पट वाचिला, घोंगडी ऐसें पुकारिलें, आणि ती उभी राहून बोलिली कीं त्या नांवाची कोणी येथें नाहीं, म्हाळसा लवटे हजर आहे. प्रमुखांनीं गैरहजर मांडिलें, वर्ग हंसला, आणि हें रोज चाललें. ती रोज पहिल्या बांकावर बसून रोज गैरहजर. मग वर्षअखेरीस पंचाहत्तर टक्के हजेरी भरत नाहीं म्हणून परीक्षेस बसूं दिलें नाहीं, आणि जें नांव पटावर नव्हतेंच तें पटावरून कमी केलें. धन्य तें संस्थान आणि धन्य आम्ही चाकर!

शके एकोणीसशें एकोणचाळीस, हेमलंबीनाम संवत्सरीं ती घोंगडी काखेंत मारून घरीं गेली. बिरू लवटे यांस गांवानें समजाविलें कीं मोठ्यांशीं वैर करूं नये, पोरीचें लग्न उरकावें. त्यांनीं ऐकून घेतलें आणि दुसरे दिवशीं लेकीस घेऊन तालुक्याच्या वकील नूरजहां मुजावर यांचे ओसरीवर जाऊन बसले. मुजावरबाई तोंडानें तिखट आणि कामास चोख. त्यांनीं विचारिलें कीं नुकसानभरपाई किती मागावयाची, तों पोर म्हणाली कीं भरपाई नको, वर्गांत परत बसवा. मग फिर्याद उच्च न्यायालयीं दाखल जाहली, आणि तारखेवर तारीख पडों लागली.

तो काळ तिनें कसा काढिला तें पुढें मुजावरबाईंनीं मला सांगितलें. ती बापाबरोबर मेंढरांमागें माळ तुडवीत फिरे. सकाळीं अकरा वाजतां संस्थानांत प्रात्यक्षिक सुरू होई. अकरा वाजतां ही जेथें असेल तेथें, ओढ्याशीं कीं पाणवठ्याशीं, कोपरापर्यंत हात धुई, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, जैसें पहिल्या वर्षीं शिकविलें होतें तैसें, आणि मग ओले हात वर धरून उगीच उभी राही. बाप म्हणे, काय गं? ती म्हणे, काय न्हाई. सूक्ष्मदर्शकाची तिला आठवण येई, त्या काचेखालीं रक्ताचा थेंब म्हणजे लाल टिकल्यांची रास दिसे ती आठवे, स्पिरिटचा वास आठवे, आणि ज्या वर्गानें तिला छळिलें त्या वर्गाचें पहिलें बांकसुद्धां आठवे. सासुरवास झालेल्या घराची कोणी एवढी ओढ धरीत नाहीं, पण तिनें धरिली.

आणि आश्विनांत मेंढरांस रोग आला. तोंडें सुजलीं, लाळ गळूं लागली, जीभ निळी पडली. पाहतांच ती बापास म्हणाली कीं ही नीलजिव्हा, चिलटांपासून होते. बाप म्हणाला, मग औषध? रोगाची ओळख दुसऱ्या वर्षांत होती, उपचार पुढील वर्षांत होता. डॉक्टरास निरोप धाडिला, त्यास येण्यास चार दिवस लागले. तोंवर बापलेक दोघें एकेका मेंढीचें डोकें मांडीवर घेऊन बसलीं. साठांतलीं सदतीस गेलीं. उरलीं तीं बिरू लवटे यांनीं विकिलीं आणि आपण साखर कारखान्याच्या फाटकावर राखणदार राहिले.

मग विलंबीनाम संवत्सर आलें, आणि नांवाप्रमाणें विलंब लावीत तेंही सरत आलें, तेव्हां फाल्गुनमासीं निकालाची तारीख पडली. संस्थानातर्फें पांच वकील, काळे डगले घालून. त्यांनीं प्रतिज्ञेवर लिहून दिलें कीं बारसें म्हणून कांहीं चाल नाहीं, टोपणनांव कोणीं कधीं घेतलें नाहीं, आणि मुलगी गैरहजर राहिली हाच तिचा दोष. पुरावा काय, तर हजेरीपट! पट घेऊन मीच गेलों होतों. इतक्या शहाण्यांपैकीं एकानेंही तो उघडून पाहिला नव्हता, कारण तें नांव सर्वांच्या इतकें अंगवळणीं पडलें होतें कीं त्यांत कांहीं वावगें आहे हेंच कोणाच्या ध्यानीं येईना. न्यायाधीशबाईंनीं पट उघडिला आणि बोट सत्ताविसाव्या ओळीवर ठेवून विचारिलें,

"ही घोंगडी कोण?"

पांचही वकील एकमेकांकडे पाहूं लागले. मग बाईंनीं विचारिलें कीं अक्षर कोणाचें, आणि मी उभा राहिलों आणि माझें म्हणालों. बाई वकिलांस म्हणाल्या, "तुम्ही वर्षभर घोंगडीला गैरहजर मांडलंत. म्हाळसा लवटे गैरहजर होती असा एक कागद दाखवा." तैसा कागद नव्हता. मग त्या पोरीकडे वळल्या आणि तुला काय पाहिजे म्हणून विचारिलें. म्हाळसा हात जोडून बोलिली, "रोग वळखाया शिकले, बाई. औषध फुडच्या वर्साला होतं. तेवढं मला शिकवा."

निकाल जाहला तो ऐसा कीं मुलीची राहिलेली परीक्षा घ्यावी, पुढील वर्गांत बसवावें, संस्थानानें लेखी माफी द्यावी आणि बारशाची चाल मोडावी. विक्रांत तोंवर पास होऊन कोठल्याशा तालुक्याचा डॉक्टर जाहला होता, त्यास कोणीं बोलाविलें नाहीं. मी म्हाळसेस गांठून माफी मागितली. ती म्हणाली, "काका, तुमच्या चुकीनं जितले, पन तुमच्या चुकीनंच गेले हुते."

विकारीनाम संवत्सरीं ती पुढील वर्गांत बसली. कार्तिकांत एके दुपारीं नवे प्राध्यापक नीलजिव्हेचा उपचार शिकवावयास लागले. तुरटीच्या पाण्यानें तोंड धुवावें, वर ग्लिसरीन लावावें, सावलींत बांधावें, पातळ पेज पाजावी, चिलटें येऊं नयेत म्हणून धूर करावा, आणि जखमा चिघळूं नयेत म्हणून सुई टोंचावी. पंधरा मिनिटांत पाठ संपला. ती उभी राहून म्हणाली, सर, एवढंच? ते म्हणाले, एवढंच.

वर्ग सुटतां ती माझ्या खोलीबाहेरच्या वऱ्हांड्यांत आली आणि तिनें बापास फोन लाविला आणि उपचार सांगितला. पलीकडून बिरू लवटे यांचा आवाज मोठा, मला आंत ऐकूं येत होता. घरीं एक मेंढरूं नव्हतें. ते म्हणाले, "थांब, पोरी. पुन्यांदा सांग. सावकाश सांग." मग ती एकेक सांगत गेली, तुरटी, ग्लिसरीन, सावली, पेज, धूर, सुई, आणि बाप कारखान्याच्या फाटकावरून एकेक शब्द तिच्यामागून म्हणत गेला.

एकंदर मजकूर इतकाच कीं पंधरा मिनिटांच्या विद्येस दोन वर्षें आणि सदतीस मेंढरें लागलीं. मुलगी जिंकली, संस्थान हरलें, आणि दोन्ही पक्षांचे कागद माझ्याच कपाटांत आहेत. लिहिणारानें पाहिलें आणि केलें तें लिहिलें. चूक त्याची, ती त्याजकडेच असावी.