वजा एकशे चव्वेचाळीस एकर तीस गुंठे

नकाशा कधी चुकत नाही, हे एकदा मान्य केलं की पुढचा पुष्कळ मनस्ताप वाचतो. चुकते ती जमीन. नकाशा तयार झाला की जागचा हलत नाही. जमीन मात्र पावसाने वाहते, नांगराने सरकते आणि भावाभावांत वाटली जाते. अशा बेभरवशाच्या वस्तूशी नकाशा ताडून पाहणं अन्यायाचं आहे. तरीही लोक मोबाईल घेऊन शेतात उभे राहतात आणि "ह्ये काय जुळंना की" म्हणून आम्हाला फोन करतात. त्या फोनांना एकदाच काय ते उत्तर मिळावं म्हणून हे टिपण लिहीत आहे.

मी मानसिंग, राहणार आमणवाडी, तालुका पलूस. श्री नवलाई सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात एकोणीस वर्षं कारकून होतो. गेल्या दोन वर्षांपासून 'नकाशा कक्ष प्रमुख' आहे. (कक्षात मी, एक संगणक आणि खताची रिकामी पोती असतात.) कारखान्याने सभासदांसाठी 'शिवारदर्शन' नावाचं ॲप करून घेतलं. प्रत्येकाचं शेत त्यात दिसावं, आणि कोणाचा ऊस कधी तोडायचा हे माणसाऐवजी यंत्राने ठरवावं, असा उदात्त हेतू होता. ॲप साताऱ्याच्या एका कंपनीने केलं. त्यांच्यातर्फे अंकिता नावाची वाईची एक इंजिनिअर मुलगी आमच्याकडे येते. मुलगी हुशार आहे. तिला सहकाराचा अनुभव नाही, एवढाच दोष.

पहिली अडचण: नकाशा दिसतच नाही. उद्घाटनाला चेअरमन उदयसिंह आबांनी कळ दाबली. पडद्यावर आबांचा फोटो आला, त्याखाली व्हाइस चेअरमन, त्याखाली एकोणीस संचालक, आणि पान संपलं. टाळ्या झाल्या. पत्रकारांनी फोटोचा फोटो घेतला. संध्याकाळी अंकिता म्हणाली, "सर, फोटोंनी सगळी जागा घेतली. नकाशाला उंचीच उरलेली नाही, शून्य आहे. फोटो काढले की दिसेल." फोटो काढणं कोणत्याच पोटनियमात बसेना. तेव्हा नकाशा सर्वांत खाली नेण्यात आला. आता तो बोटाने एकवीस वेळा सरकवल्यावर दिसतो. यामुळे संचालक मंडळ आणि सभासद यांच्यातला संपर्क वाढला, असं वार्षिक अहवालात नमूद आहे.

दुसरी अडचण: शेत भलतीकडे दिसतं. आमचा भाग साधारण सतरा अंश उत्तर आणि साडेचौऱ्याहत्तर अंश पूर्व असा आहे. हे दोन आकडे ॲपमध्ये उलटे भरले गेले. परिणामी कारखान्याचा समस्त ऊस नॉर्वेच्याही वर, बर्फाच्या समुद्रात गेला. तिथून जवळ अस्वलाच्या नावाचं एक बेट आहे. ही गोष्ट सतरा दिवस कोणाच्या लक्षात आली नाही, कारण त्या सतरा दिवसांत आमच्या शेतकी मदतनिसांनी प्रत्येक प्लॉटची 'समक्ष पाहणी' करून शेरे भरले होते: 'पीक जोमदार', 'ओल भरपूर', आणि एका ठिकाणी 'हुमणी अळीचा किंचित प्रादुर्भाव'. (अस्वलाचा उल्लेख कोणीही केलेला नाही.)

आकडे सुलटे केल्यावर ऊस स्वदेशी परतला. पण त्यातले चारशे बारा प्लॉट पलूस स्टँडसमोरच्या एकाच चहाच्या हॉटेलात उतरले. ॲपमध्ये 'मी शेतात उभा आहे' अशी कळ आहे. मदतनिसांनी ती बसून दाबली होती. हॉटेलवाल्याने एवढा ऊस आपल्या जागेत आहे हे कळताच सभासदत्वासाठी अर्ज केला. तो विचाराधीन आहे.

या अनुभवातून शहाणं होऊन महाबळेश्वरला दोन दिवसांचं चिंतन शिबिर झालं. (धुक्यामुळे महाबळेश्वर दिसलं नाही.) तिथे ठरलं, की मदतनीस नकोच. ज्याचं शेत त्याने मोबाईल घेऊन आपल्या बांधावरून एक फेरी मारावी. मोबाईल पावलं टिपेल आणि शेताची रेघ आपोआप उमटेल. कोण स्वतःच्या शेताशी बेइमानी करणार, असा विचार त्यामागे होता. तो अगदी बरोबर निघाला.

प्रयोगासाठी आमणवाडी निवडली. सहाशे अठ्ठ्याण्णव शेतकऱ्यांनी आठ दिवसांत फेऱ्या पूर्ण केल्या, तक्रार नाही, गोंधळ नाही. सातबाराप्रमाणे गावाची लागवडीची जमीन पंधराशे बारा एकर आहे. फेऱ्यांची बेरीज सोळाशे अठ्ठावन्न एकर आली. आठ दिवसांत एकशे सेहेचाळीस एकर वाढ, म्हणजे साडेनऊ टक्क्यांहून अधिक. आबांनी सत्काराची तारीख धरली.

अंकिताचा चेहरा पडला. "सर, रेघा एकमेकींवर चढल्यात," ती म्हणाली. "प्रत्येक जण शेजाऱ्याच्या शेतातून चाललाय. सरासरी सात-साडेसात फूट."

मी तिला समजावलं, की आमच्याकडे बांध ही कडा नसते, सुरुवात असते. नांगरट करताना दर वर्षी चार बोटं पलीकडे जाणं याला इथे कोणी अतिक्रमण म्हणत नाही, मशागत म्हणतात. शेजारीही आपल्या बाजूने मशागत करतो, त्यामुळे जुन्या काळी बांध जागच्या जागी राहायचा. ॲपने फक्त ती चार बोटं सात फुटांवर नेली, कारण चालायला बैल लागत नाहीत. माझी स्वतःची रेघ सहाच फूट बाहेर आहे. सरासरीपेक्षा ती कमी आहे, हे मी आवर्जून सांगतो.

सहाशे सत्त्याण्णव लोक बाहेरून चालले. एकच फेरी आतून निघाली. चंपाबाई मगदूम, वय अडुसष्ट, आम्ही चंपाक्का म्हणतो. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. एक एकर बारा गुंठे रान आणि त्यात दीड वर्षाने तोडायचा आडसाली ऊस. मगदूम जैन आहेत. बांधावर मुंग्यांची वारुळं होती. त्यांवर पाय पडू नये म्हणून अक्का बांध सोडून दोन-अडीच फूट आतून चालली. तिचं रान एक एकर दहा गुंठेच भरलं. (मुंग्यांनी दोन गुंठ्यांवर अद्याप हक्क सांगितलेला नाही.)

आता तिसरी, आणि खरी अडचण: बेरीज जुळत नाही. बेरीज जुळल्याशिवाय तोडणीचा कार्यक्रम निघत नाही. ॲपमध्ये यावर उपाय होता: जादा भरलेलं क्षेत्र सर्वांच्या प्लॉटमधून थोडं थोडं कमी करायचं. पण संचालक मंडळाने आधीच एक न्याय्य अट घातली होती, की ज्या प्लॉटच्या हद्दीची तक्रार, केलेली किंवा झालेली, प्रलंबित आहे त्याला यंत्राने हात लावू नये. ही बातमी मंडळाच्या बैठकीतून गावात यायला चहा निवण्याइतका वेळ लागला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सहाशे सत्त्याण्णव तक्रारी दाखल होत्या, प्रत्येकाची शेजाऱ्याविरुद्ध. काही सख्ख्या भावांनी एकाच मोबाईलवरून एकमेकांविरुद्ध तक्रारी केल्या आणि पासवर्डही एकमेकांना विचारून घातला.

बिनतक्रारीचा प्लॉट एकच उरला, चंपाक्काचा. तिने कोणाविरुद्ध तक्रार केली नव्हती, आणि तिच्याविरुद्ध कोण काय म्हणून करणार? यंत्राने निःपक्षपातीपणे एकशे सेहेचाळीस एकर तिच्या एक एकर दहा गुंठ्यांतून वजा केले. चंपाबाई मगदूम: वजा एकशे चव्वेचाळीस एकर तीस गुंठे.

"सर, वजा क्षेत्रफळ असं काही नसतं," अंकिता म्हणाली.

"मग शाळेत वजाच्या संख्या कशासाठी शिकवतात?" मी विचारलं. बेरीज पंधराशे बारा आली होती, आणि आबांनी कागदावर सही केली होती.

तोडणीचा क्रम क्षेत्राप्रमाणे लागला. चंपाक्काचा नंबर शेवटच्याच्या नंतर आला. डिसेंबरात ती पहिल्यांदा कक्षात आली. पोत्यांवर बसली.

"मानसिंगा, तोडीची टोळी कवा यायची रं? अठरा म्हैनं झालं उसाला."

मी ॲप उघडून दाखवलं. एकवीस फोटो सरकवले. तिने सगळे नीट बघितले.

"अक्का, ह्यात तुमचं रान न्हाई दिसत. उलट गावाचं दीडशे एकर तुमच्याकडं निघतंय."

"माझ्याकडं? कुठं ठिवलंय म्या?" ती म्हणाली. "आरं रानात चल की. उभाच हाय ऊस. हात लावून बघ."

समक्ष पाहणीची पद्धत बंद केल्याचं मी तिला नम्रपणे सांगितलं.

फेब्रुवारीत ती पुन्हा आली तेव्हा उसाला तुरा येऊन गेला होता. तुरा आला की ऊस आतून पोकळ पडत जातो, वजन उतरतं. गाळप हंगाम संपायला महिना होता, आणि हंगाम संपला की तो ऊस कोणाच्याच कामाचा नाही. दीड वर्षं दिलेलं पाणी आणि केलेली खुरपणी-भांगलण फुकट. एवढ्यासाठी बाई चार किलोमीटर चालत आली होती. मला वाईट वाटलं, ते मी लपवत नाही. म्हणून नियमात बसणारा मार्ग मी तिला स्वतःहून सांगितला: शेजाऱ्याविरुद्ध एक तक्रार टाकायची. तक्रार पडली की प्लॉटला कुलूप लागतं, वजाबाकी उठते, टोळी येते. (एकदा सही झालेली बेरीज पुन्हा कोणी तपासत नाही.) एका मिनिटाचं काम.

"कुणावर टाकू?"

"कुणावर बी. पूर्वेच्या शेजाऱ्यावर टाका."

पूर्वेचा शेजारी मी आहे.

"सा फूट आलायस तू आत," ती म्हणाली. "मला ठावं हाय. चालताना बघितलं की म्या तुला. पर तवाच बोलली न्हाई, आता ऊस तोडायसाठी कशाला बोलू? ते भांडण न्हवं, सौदा हुईल." मग उठून पदर झटकला. "तुझं तू बघ. माझा ऊस तोडा म्हंजे झालं."

तक्रार नाही म्हणून अडचण नाही, असा शेरा मी मारला. दुसरा रकानाच नव्हता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात अंकिताच्या हट्टावरून गावसभा झाली. सगळे आले. पोलीस पाटील लालासाहेब उभे राहिले. "चंपाक्कावर अन्याव झालाय गड्यानू, ह्यात दुमत न्हाई." दुमत नव्हतं. सहाशे सत्त्याण्णव माना हलल्या. तीन जणांचे डोळे पाणावले, त्यांतला एक तिचा पश्चिमेचा शेजारी होता. अन्यायाच्या निषेधाचा ठराव एकमताने संमत झाला. (सूचक मी.)

मग अंकिताने मोबाईल वर धरला. तिने रात्रंदिवस बसून ॲपमध्ये एक नवीन कळ केली होती. "फार काही नाही," ती म्हणाली. "ही कळ दाबली की तुमची रेघ तुमच्या बांधावर परत येते. तुमचं काही जात नाही, जे तुमचं नव्हतं तेच फक्त जातं. सगळ्यांनी दाबली की बेरीज जुळते, आणि काकूंचं रान परत येतं. सगळ्यांनी नाही, निम्म्यांनी दाबली तरी निदान सुरुवात होईल."

लोकांनी मोबाईल काढले. बराच वेळ बघितले. कोणीतरी म्हणालं, रेंज न्हाई. कोणी म्हणालं, शेजाऱ्यानं दाबू दे, मग म्या दाबतो. शेजारी म्हणाला, माझं बी त्येच म्हननं हाय. एकाने विचारलं, दाबल्यावर परत उलटं करता येतं का. मग लालासाहेबांनी चहा सांगितला. अंकिता चहा न घेता साताऱ्याच्या गाडीला गेली.

बारा मार्चला हंगाम संपला. चंपाक्काच्या रानात तुऱ्याचा ऊस तसाच उभा होता. तिने पेटवला नाही. त्यातही जीव असतात म्हणाली. एप्रिलमध्ये वैरणीचा तुटवडा पडला तेव्हा तिने सांगून टाकलं, ज्याला लागेल त्याने तोडून न्यावा. गाव लोटलं. प्रत्येकाने दोन शब्द हळहळीचे बोलून एकेक भारा नेला. मीही एक नेला. माझी म्हैस त्या दिवसांत बरी दुभली.

'शिवारदर्शन' यशस्वी ठरल्याने ते आता सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत लागू होत आहे, शहरांसकट. जिथे शेत नाही तिथे प्लॉट, पार्किंगची जागा, घरासमोरची फरशी, गच्चीचा हिस्सा, जे काही आपलं असेल त्याला फेरी मारायची आहे. अंकिताने केलेली कळ त्यात तशीच ठेवली आहे. ती चालते, मी कक्षात बसून दोनदा तपासली आहे, अर्थात दुसऱ्याच्या प्लॉटवर. वर्षभरात ती किती वेळा दाबली गेली याचा आकडा ॲपच दाखवतं. तो शून्य आहे.

इथपर्यंत वाचताना तुम्ही चंपाक्काच्या बाजूने होता, हे मला ठाऊक आहे. सभेला आलेला प्रत्येक जण तिच्याच बाजूने होता. तुमची फेरी येत्या सोमवारी आहे. कुठून चालायचं याची सूचना आम्ही कोणालाच देत नाही, त्याची आजवर गरज पडलेली नाही.