दोन्ही कान दिसले पाहिजेत

माणसाच्या हातून चांगला फोटो निघत नाही याचं एकमेव कारण म्हणजे त्याच्याजवळ आधीपासून असलेला कॅमेरा, हे आता सर्वमान्य झालं आहे. नजर, सवड, समोरचा माणूस अशी कारणं पूर्वी सांगितली जात. पण त्या काळी सेन्सरच लहान होते, त्यामुळे त्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही.

वजनमापं तपासनिसाला हे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी उमगलं. गृहस्थ बावीस वर्षं दुकानादुकानांतून तराजू तपासत आलेला. पाच ग्रॅमचा फरक त्याला लांबूनच कळतो (असं तो म्हणतो, दुकानदारही म्हणतात, पण वेगळ्या सुरात). खिशात मावणारा आणि तरीही मोठ्या सेन्सरचा कॅमेरा निघाला आहे, ही बातमी लागल्यापासून तो हातात येईपर्यंत त्याने एकशे सव्वीस अभिप्राय वाचले आणि हातात आल्यावर आणखी दोनशे. घेऊन झाल्यावरचे अभिप्राय जास्त काळजीपूर्वक वाचावे लागतात, कारण त्यातले चांगले तेवढे शोधायचे असतात.

कॅमेरा आला त्याच दिवशी कार्यालयातल्या प्रमाणित तराजूवर त्याचं वजन झालं. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे दोनशे अठ्ठ्याण्णव ग्रॅम, प्रत्यक्षात तीनशे एक. कारणे दाखवा नोटिशीचा मसुदा तयार झाल्यावर लक्षात आलं की वरचे तीन ग्रॅम मनगटाच्या दोरीचे आहेत. मसुदा सन्मानाने मागे घेण्यात आला.

घरी आल्यावर त्याने आईला मोठा सेन्सर समजावून सांगितला. "हे बघ आई, पावसात वाटी ठेवली तर वाटीभर पाणी जमतं. परात ठेवली तर परातभर. पाण्याच्या जागी उजेड धर. हा सेन्सर म्हणजे परात."

"आणि परात खिशात मावते?" आईने विचारलं.

म्हातारीने नेमकं दुखण्यावर बोट ठेवलं होतं. खोक्यावर 'खिशात मावणारा' असं स्वच्छ छापलेलं होतं, कोणाच्या खिशात ते छापायचं राहून गेलं होतं. तपासनिसाच्या पँटच्या खिशात कॅमेरा अर्धा जाई आणि तिथेच अडून बसे. कंपनी खोटं बोलणार नाही, तेव्हा दोष खिशाचा, असा निष्कर्ष काढून त्याने सातही पँटी शिंप्याकडे नेल्या आणि सगळे खिसे दीड इंचाने वाढवून घेतले. "आता झाला बघा खिशाएवढा," शिंपी म्हणाला. शिंप्याचा चेहरा अगदी गंभीर होता; त्याच्याकडे त्या महिन्यात ही अशी चौथी ऑर्डर होती.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना मावशीचा फोन आला.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. आई तिला ताई म्हणते. ती अकरा वर्षांपूर्वी परदेशात लेकीकडे गेली ती तिकडचीच झाली. तिच्या डोळ्यांना काहीतरी झालं होतं. नजरेच्या बरोबर मधोमध डाग धरत चालला होता आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन महिने, फार तर अडीच. मग समोरच्याचा चेहरा ओळखू येणार नाही.

आईने फोन ठेवला आणि चष्मा पुसला. "तिला दिसतंय तोवर मी तिच्यासमोर जाऊन बसणार आहे," ती म्हणाली. "फोनवर मी दिसते तिला, पण अंगठ्याएवढी. माझा पासपोर्ट बघ रे, कधीचा संपलाय."

पासपोर्ट संपून सहा वर्षं झाली होती. नवा मिळायला अर्ज घेतल्यापासून तीन आठवडे लागतात आणि अर्जाला एक फोटो लागतो. बाकी कागद सुनेने दुसऱ्याच दिवशी गोळा करून पिशवीत भरले. सून, म्हणजे तपासनिसाची बायको, दातांच्या कवळ्या बनवते. हातातलं काम बाजूला ठेवून गप्पा मारत बसायची तिला सवय नाही. "चला आई, कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे बसून येऊ," ती म्हणाली. "पाच मिनिटांचं काम."

"घरात हा कॅमेरा असताना?" तपासनिसाने विचारलं.

त्याचं म्हणणं चूक होतं असं कोणीही म्हणणार नाही. दारात मोटार उभी असताना कोणी रिक्षा करत नाही. मोटार चालवायला शिकायला किती दिवस लागतील, एवढाच मुद्दा होता.

पहिला आठवडा माहितीपुस्तिकेत गेला. दोनशे चौदा पानं. दुसऱ्या आठवड्यात भिंगाची परीक्षा झाली. भिंग परीक्षेला बसवायचं तर विटांच्या भिंतीसमोर बसवतात, म्हणजे चारी कोपऱ्यांतल्या विटा सारख्या येतात की नाही ते कळतं. तपासनिसाने समोरच्या घराच्या कुंपणाच्या भिंतीचे चारशे बारा फोटो काढले. भिंतीच्या मालकाने हे दोन दिवस पडद्याआडून पाहिलं. भिंत रस्त्यात अर्धा फूट पुढे आलेली आहे हे त्याच्या मनाला आधीपासून खात होतंच, त्यात फोटो काढणारा सरकारी तपासनीस. तिसऱ्या दिवशी त्याने ती पाडली. (परीक्षा अपुरी राहिल्याने पुढच्या गल्लीत नवीन भिंत शोधावी लागली.)

तिसऱ्या आठवड्यात उजेडाचा प्रश्न निघाला. उत्तरेच्या खिडकीतला, ढगाळ दिवशीचा, दहा ते सव्वादहा या वेळातला उजेड सर्वात चांगला असतो. आई रोज दहाला केस विंचरून, ठेवणीतला चष्मा लावून खिडकीत स्टुलावर बसायची. आठवडाभर एक ढग आला नाही.

"अरे, ऊन आहे म्हणजे मी दिसतेय ना तुला?" आईने पाचव्या दिवशी विचारलं.

"दिसतेस, पण कडक दिसतेस," तो म्हणाला.

"पासष्ट वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं," आई म्हणाली आणि स्टूल उचलून आत गेली.

रविवारी तपासनीस खिसा-कॅमेरा मंडळात जाई. या मंडळाचे अडतीस सभासद, आणि अडतीस जणांकडे तोच कॅमेरा. सभेत प्रत्येक जण आपला कॅमेरा टेबलावर ठेवतो आणि सगळे मिळून त्या अडतीस कॅमेऱ्यांचे फोटो काढतात. हे फोटो अर्थातच मोबाईलने काढावे लागतात, कारण कॅमेरे टेबलावर असतात. मंडळाच्या मते या कॅमेऱ्याचं खरं वैभव एकच. भिंगाचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं की फक्त डोळे लख्ख येतात आणि मागचं सगळं जग लोण्यासारखं विरघळून जातं. लोणी हा शब्द मंडळात दर रविवारी साधारण चाळीस वेळा उच्चारला जातो. जग इतकं काय वाईट आहे की ते विरघळवावं, असा प्रश्न अद्याप कोणी काढलेला नाही.

चौथ्या आठवड्यात ढग आला आणि फोटो निघाला. तो अप्रतिम होता, हे त्याच्या शत्रूनेही मान्य केलं असतं. आईच्या डोळ्यांतली पाण्याची चमक, पापणीन् पापणी, कपाळावरच्या रेषा, सगळं जिथल्या तिथे. सुनेलाही क्षणभर भरून आलं. तो फोटो घेऊन मायलेक पासपोर्टच्या खिडकीवर गेले.

खिडकीतल्या बाईंनी फोटो उजेडात धरला. "कान?"

"आहेत की," तपासनीस म्हणाला. "जरा विरघळलेत."

"विरघळलेले चालत नाहीत. दोन हवेत, आणि दिसणारे."

बाईंचं बरोबर होतं. नियमात दोन्ही कान स्पष्ट दिसले पाहिजेत असं लिहिलेलं आहे आणि कान, निसर्गाच्या चुकीमुळे, डोळ्यांच्या चार बोटं मागे असतात. कॅमेऱ्याने आपलं काम चोख बजावून आईचे कान उरलेल्या जगात जमा केले होते.

भिंगाचं तोंड थोडं मिटून घेतलं असतं तर कान आले असते. हे तपासनिसाला माहीत नव्हतं असं नाही, पुस्तिकेच्या एकाहत्तराव्या पानावरच होतं. पण तोंड मिटूनच फोटो काढायचा तर मोठा सेन्सर घेतला कशासाठी? त्याने तत्त्व सोडलं नाही. पाचव्या आठवड्यात त्याने आईचे तीन फोटो काढले: एकात लख्ख चेहरा, दुसऱ्यात लख्ख डावा कान, तिसऱ्यात लख्ख उजवा. सोबत दीड पानी निवेदन जोडलं, की सदर तीन छायाचित्रं एकत्रितपणे विचारात घेतल्यास अर्जदाराचे दोन्ही कान व चेहरा यांची पूर्तता होते. खाली सही, शिक्का आणि सोबतच्या कागदांची यादी.

बाईंनी निवेदन सगळं वाचलं, शेजारच्या खिडकीतल्यांना वाचायला दिलं आणि आईकडे बघून म्हणाल्या, "आजी, तुम्हीच या ना एकदा. एकट्या."

दुसऱ्या दिवशी तपासनीस तराजू तपासायला बाहेर पडल्यावर सासू-सून कोपऱ्यावर गेल्या. फोटोवाल्याने आईला स्टुलावर बसवलं, हनुवटी बोटाने वर केली, ट्यूबलाइट लावली. चार मिनिटं. फोटोत आई कुठल्याशा चोरीत सापडल्यासारखी दिसत होती, पण कान दोन होते. अर्ज त्याच दुपारी घेतला गेला. आईने घरी येऊन मुलाला एवढंच सांगितलं, "झालं रे काम." तो दुखावला, आणि दुखावलेला असतानाच त्याला बरंही वाटलं, कारण ढगांचा ताण गेला होता.

तीन आठवड्यांनी पासपोर्ट आला. बाकी सोपस्कार आणि तिकीट यांत आणखी बारा दिवस गेले, आणि आई एकटीच निघाली. तपासनिसाने कॅमेरा तिच्या पिशवीत घातला आणि तो कसा वापरावा याच्या हाताने लिहिलेल्या अकरा पानी सूचनाही घातल्या. "मावशीचा छान फोटो काढून आण," तो म्हणाला. ते तो मनापासून म्हणाला. आपण आईला थांबवून ठेवलं हे त्याला आत कुठेतरी टोचत होतं, आणि त्याच्याजवळ द्यायला तेवढी एकच चांगली वस्तू होती.

आई महिन्याने परत आली. कार्डावर एकच फोटो होता. मावशीच्या लेकीने, सूचना न वाचता, नुसतं बटण दाबून काढलेला. मावशी आईसमोर बसली आहे आणि तिने हात पुढे करून आईचा कान धरला आहे. कान आणि त्याला धरलेली सुरकुतलेली बोटं लख्ख आली आहेत. आईचा चेहरा पार विरघळून गेला आहे.

तपासनिसाने फोटो मोठा करून कोपरे तपासले. डावा खालचा कोपरा जरा मऊ होता. तेवढ्यात आतल्या खोलीत त्याच्या बायकोने आईची बॅग रिकामी करता करता विचारलं, "आई, दिसलात का हो त्यांना?"

"दिसले की," आई म्हणाली. "मधलं गेलंय तिचं. कडेकडेचं दिसतं अजून. मी समोर बसले तर म्हणाली, तोंड नाही गं दिसत, पण कान तेच आहेत तुझे. आणि धरला. लहानपणी शाळेत अशीच न्यायची मला, कान धरून." साड्यांच्या घड्या घालण्याचा आवाज आला. "त्या फोटोत आहे ना, साधारण तशीच दिसले मी तिला. डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी आला असतात तर तोंडही दिसलं असतं. असू दे. कान तर दिसले. याला सांगू नकोस हो, उगाच जिवाला लावून घेईल."

भिंत पातळ होती. तपासनिसाने मनातल्या मनात पाच आठवडे मोजले. बावीस वर्षांच्या नोकरीत इतकं अचूक माप त्याने दुसरं घेतलं नव्हतं. तो उठून आत गेला, आईच्या पायाशी बसला, आणि काही सुचेना म्हणून तिच्या हातातली साडी घेऊन घडी घालू लागला. घडी वाकडी झाली. आईने ती उलगडून पुन्हा घातली.

त्या रविवारी तो मंडळात गेला. यावेळी त्याने कॅमेरा टेबलावर ठेवला नाही. फोटो सगळ्यांना दाखवला आणि उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं: मावशीचा फोन, स्टुलावर बसलेली आई, ढग, निवेदन, पाच आठवडे. काहीही लपवलं नाही. बोलून झाल्यावर एका सभासदाने, तेही अगदी हळुवारपणे, विचारलं, "इतका लख्ख कान? भिंगाचं तोंड पूर्ण उघडं होतं ना?" बाकीच्यांनी वह्या काढल्या.

तेव्हापासून त्याने ही हकीकत मंडळाबाहेरच्याही एकाहत्तर जणांना सांगितली आहे. त्यातल्या चौसष्ट जणांनी कॅमेऱ्याचं नाव विचारलं, सहा जणांनी तो खरोखर खिशात मावतो का हे विचारलं, आणि एकाने शिंप्याचा पत्ता घेतला.

सदर कॅमेऱ्याचं नाव या कथेत कुठेही दिलेलं नाही, हे आपल्या लक्षात आलंच असेल. ज्यांच्या ते मावशीचा फोन येण्याच्या आधीच लक्षात आलं आणि जे शेवटपर्यंत त्याचीच वाट बघत राहिले, त्यांनी आज सवडीने आपल्या आईला एक फोन करावा. (फोन कोणताही चालतो.)