कुमाझाकी सरांचा युकाता

कुमाझाकी सरांनी संसारात एकदाच बायकोला "तू नको, माझं मी बघतो" असं सांगितलं, आणि तेही तोंडात भात असताना.

निमित्त साधं होतं. आमच्या गुजो गावच्या शाळेत पालक मुलांचे तास बघायला यायचे होते, आणि चौथीच्या मुलांना युकाता, म्हणजे पुढून दोन बाजू एकावर एक घेऊन पट्ट्यानं बांधायचा सुती किमोनो, कसा घालावा हे शिकवायचा तास सरांनी हौसेनं अंगावर घेतला होता. सर खरं म्हणजे कवायतीचे. पण मुख्याध्यापिका हिबिनोबाईंनी शब्द दिला होता, की तास पालकांना आवडला तर परंपरेचे सगळे तास सरांकडे आणि शाळेच्या तलावातलं शेवाळ घासायचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात. शेवाळ घासून घासून सरांची कंबर प्रश्नचिन्हासारखी झाली होती. त्यामुळे परंपरेवर त्यांचं अचानक फार प्रेम बसलं.

"अहो, मी येते ना मदतीला," साचिए म्हणाली. "लग्न झाल्यापासून तुम्हाला युकाता मीच घालतेय. उन्हाळ्यात गावच्या नाचाला निघालो की तुम्ही आपले हात पसरून उभे, बुजगावण्यासारखे!"

"ते तुला बरं वाटावं म्हणून."

"अस्सं? मग मी मागे पालकांत उभी राहते. एक अक्षर बोलणार नाही."

(साचिए बोलणार नाही म्हणाली, की शहाण्या माणसानं आजारी पडावं. सर शाळेत गेले.)

खोटं कशाला बोला, सरांनी युकाता अगदी बिनचूक घातला. उजवी बाजू अंगालगत, डावी तिच्यावर, पट्टा घट्ट. घोटाळा केला तो कवायतीनं. "मी म्हणजे आरसा! माझ्याकडे बघायचं, डोकं चालवायचं नाही!" हा सरांचा जुना मंत्र. सरांनी डावा हात वर केला, की समोरची मुलं उजवा करणार. वर्षानुवर्षांची शिस्त!

"सर," मिओनं बोट वर केलं, "माझी पणजी दुसरी बाजू वर घेते."

"तास माझा आहे की पणजीचा?"

"तुमचा."

"मग आरशात बघ!"

तेवढ्यात दार सरकलं, पालक आत आले आणि जागच्या जागी थिजले. उजवी बाजू वर घेऊन आमच्याकडे एकाच प्रसंगी कपडे घालतात, आणि त्या प्रसंगी माणूस ते स्वतः घालत नाही. इथे तर अख्खी चौथी अंतिम प्रवासाच्या वेशात, गालावर खळ्या पाडून उभी!

मिओच्या पणजीनं, ताकेयो आजीनं, पिशवीतून जपमाळ काढली.

"अगं बाई! एवढी सगळी एकदम? कशानं गेली गं?"

"पणजी, मी जिवंत आहे!"

"सुरुवातीला सगळ्यांना तसंच वाटतं, बाळ."

हिबिनोबाईंच्या चेहऱ्यावर शेवाळाचा रंग चढला. तो रंग सरांनी लांबूनही ओळखला. तलाव डोळ्यांपुढे दिसताच त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण आरसा आहोत ना? मग आपणच उलटं करायचं!

"सोडा पट्टे! पुन्हा माझ्याकडे बघा!" सरांनी स्वतःची उजवी बाजू वर घेतली. मुलांनी तत्परतेनं डावी घेतली. एका झटक्यात सगळा वर्ग जिवंत झाला. टाळ्या पडल्या. हिबिनोबाईंना हसू फुटलं. सर कमरेत वाकले, ते सुटकेच्या आनंदात वाकलेलेच राहिले.

वर आले तेव्हा टाळ्या थांबल्या होत्या. सगळा वर्ग सरांच्या छातीकडे बघत होता. त्या खोलीत आता एकच मयत उरलं होतं, आणि तेच शिकवत होतं.

ताकेयो आजी सरांना हात जोडून सरळ साचिएपाशी गेली. "मोठाच घाला पडला गं तुझ्यावर."

हिबिनोबाईही हळू आवाजात म्हणाल्या, "साचिएबाई, पुढचे तास तुम्हीच घ्या. सर तलावावरच बरे."

साचिएनं दोघींना लवून नमस्कार केला आणि पदराऐवजी बाही डोळ्यांना लावली.

"दुःख करू नका, आजी," ती म्हणाली. "निदान जाताना तरी कपडे स्वतःच्या हातानं घातले त्यांनी."